झाकलेली बुट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वसंतालाही नाही — आणि वसंताला तर सांगायलाच हवं होतं. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि गोष्ट त्याच्या आईची आहे. मी त्यांना मावशी म्हणायचो. गेल्या महिन्यात त्या गेल्या. आता सांगून काय होणार? काहीच नाही. तरी लिहितो आहे.

पुराच्या वेळी कुरुंदवाडकडची बरीच कुटुंबं आमच्या गावात आली होती. गडमुडशिंगीच्या पलीकडे, थोडं उंचावर आमचं गाव. शाळेत त्यांची सोय केली, पटांगणात मांडव घालून आमटी-भात शिजू लागला. भाकरी मात्र घराघरांतून यायच्या. प्रत्येक गल्लीची एक बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, वर फडकं झाकलेलं. मी त्याच शाळेतला शिक्षक, म्हणून बुट्ट्या उतरवून घेणं आणि पंगतीत पाठवणं माझ्याकडे होतं.

मावशींची बुट्टी विहाराजवळच्या गल्लीतून आली. त्या बौद्ध, आम्ही मराठा. कॉलेजात असताना मी त्यांच्या घरी कितीदा जेवलो असेन — आणि त्याची मला ऐट वाटायची, हेही सांगून टाकतो. बुट्टी डोक्यावरून उतरवत त्या म्हणाल्या, “मास्तर, माझ्या भाकरी कडक असत्यात. पावण्यांचं दात बघून वाढ.”

मी हसलो. आणि बुट्टी कोठीत नेऊन कपाटामागे ठेवली.

का? कुणी काही म्हणालं होतं का? — नाही. एकाही पाहुण्यानं नाही, गावातल्या एकाही माणसानं नाही. मला वाटलं, कुणी विचारलंच, ही कुठल्या गल्लीची, तर? कुणी ताटावरून उठलं तर? मी त्याला भीती म्हणत आलो. भीतीच होती का ती?

त्या दुपारी शेवटच्या पंगतीला भाकरी कमी पडल्या. एक म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, “भातानं पोट भरत न्हाय ओ मास्तर. एखादी असंल तर बघा की, शिळी बी चालंल.”

मी म्हणालो, संपल्या.

मग ती बुट्टी शाळेमागं बांधलेल्या पाहुण्यांच्या म्हशींपुढे रिकामी केली. भाकरी अजून मऊ होत्या. कडक नव्हत्याच.

संध्याकाळी मावशी बुट्टी न्यायला आल्या. “पुरल्या न्हवं?”

“पुरल्या की. पाहुण्यांनी मागून खाल्ल्या.”

हे दुसरं वाक्य मी कशाला बोललो? त्या इतक्या सुखावल्या की दुसऱ्या दिवशी दोन बुट्ट्या आल्या. घरातलं पीठ संपलं तेव्हा शेजारणींकडून आणून त्यांनी भाकरी थापल्या. पाणी उतरेपर्यंत त्या येत राहिल्या. आणि मी रोज झाकून ठेवत राहिलो, रोज म्हशींना घालत राहिलो.

परवा विहारात मावशींच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. वसंता बोलता बोलता म्हणाला, आई शेवटपर्यंत सांगायची, पुरात माझ्या भाकरी पावण्यांनी मागून खाल्ल्या. मग माझ्याकडे वळला. “हा होता तिथं. सांग की रे.”

मी उभा राहिलो. मावशींच्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या. त्यांच्या गल्लीतल्या बायका पुढेच बसल्या होत्या, ज्यांचं पीठ होतं त्या.

मी सांगितलं — हो, मागून खाल्ल्या.