मागच्या बग्गीत एकटी

माझी धाकटी बहीण टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते. तेल कंपनीत इंजिनिअर आहे, लग्न केलेलं नाही, आणि माझ्या मुलीला जगात सगळ्यात जास्त तीच आवडते. यातलं शेवटचं लिहायला मला बराच वेळ लागला.

मागच्या एप्रिलमध्ये मुलीला स्प्रिंग ब्रेकची आठवड्याची सुट्टी होती. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून तो घरी, फ्रीमाँटलाच थांबला. बहीण विमानानं सॅन होजेला आली आणि आम्ही तिघी गाडीनं दक्षिणेकडे निघालो. जिथे समुद्राला लागून मैलोन्‌मैल वाळूच्या टेकड्या आहेत, तिथल्या एका छोट्या गावात मी हॉटेल घेतलं होतं. खोलीतून समुद्र दिसणारं. किनाऱ्यावर चालायचं, सूप प्यायचं, पुस्तक वाचायचं, एवढाच माझा प्लॅन होता.

गाडीत बहीण माझ्या शेजारी बसेल असं मी धरून चालले होते. मुलगी म्हणाली, "मावशी, कम सिट विथ मी," आणि ती मागे बसली. मी पुढे एकटी, टॅक्सी चालवावी तशी. गिलरॉयच्या शेतांतला लसणाचा वास आत आला तेव्हा दोघी एकाच फोनवर काहीतरी बघत हसत होत्या. मी विचारलं, काय आहे? मुलगी म्हणाली, "नथिंग, आई."

सलिनासच्या पुढे लेट्यूसची शेतं लागली तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, रविवारी सकाळी आपण वाळूत बग्गी चालवायला जातोय. गाइड असते बरोबर. बुक केलंय."

"कधी ठरलं हे?"

"दोन आठवडे झाले."

"मला कुणी विचारलं नाही."

आरशात मला ती दिसत होती. ती शांतपणे म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

आम्हा दोघींत सहा वर्षांचं अंतर आहे. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपारी हिला वाढायची, झोपवायची, हिचा गृहपाठ घ्यायची ती मी. कॉलेजला असताना मी बाबांकडे लूना मागितली, तर ते म्हणाले, नागपूरचं ट्रॅफिक मुलींसाठी नाही. सहा वर्षांनी तेच ट्रॅफिक दुप्पट झालं होतं आणि हिला नवी कोरी स्कूटी आली. मी लग्न होऊन डिपेंडंट व्हिसावर अमेरिकेत आले. कित्येक वर्षं मला नोकरी करायची परवानगी नव्हती. मी मुलीला वाढवलं, परवानगी मिळाल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कोर्स करून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. ही स्वतःच्या मार्कांवर एमएसला आली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी हिनं स्वतःचं घर घेतलं. यातलं काहीच तिनं माझ्याकडून हिसकावून घेतलेलं नाही, हे मला नीट कळतं. पण कळून काही फरक पडत नव्हता. तिचं मला सगळं सहन व्हायचं. माझी मुलगी तिच्याकडे ज्या नजरेनं बघायची, तेवढं सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी धुकं होतं. वाळूच्या अलीकडे एक पत्र्याची शेड होती आणि तिथे आमची गाइड उभी होती. साठीच्या पुढची बाई, पांढरी वेणी, उन्हानं रापलेला चेहरा. बग्ग्या म्हणजे दोन माणसं बसतील अशा उघड्या गाड्या. वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा. टेकडीपलीकडून कुणी येत असेल तर आधी झेंडा दिसतो, म्हणून तो.

तिनं नियम सांगितले. "माझ्या चाकांच्या खुणा सोडायच्या नाहीत. टेकडीवर सरळ चढायचं, माथ्यावर वेग कमी करायचा. उतारावर आडवं वळायचं नाही. पुढचा झेंडा दिसेनासा झाला तर थांबायचं."

मग तिनं विचारलं, कोण कुणाबरोबर?

मी तोंड उघडायच्या आत मुलगी मावशीच्या बग्गीत चढून पट्टा लावत होती. सोळा वर्षांची आहे ती, वाटेल तिथे बसू शकते. मी माझ्या बग्गीत एकटी बसले. शेजारची सीट मोकळी होती. गाइडनं येऊन त्या मोकळ्या सीटचा पट्टासुद्धा घट्ट लावला. म्हणाली, "नाहीतर फडफडत राहतो." नवशिक्यानं तिच्या लगेच मागे राहावं असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मला शेवटीच राहू दे. मला त्या दोघी समोर दिसायला हव्या होत्या, हे मी तिला सांगितलं नाही.

निघालो. एका हाताला वाळवंट, दुसऱ्या हाताला पॅसिफिक. धुकं विरत गेलं तशा टेकड्या पिवळ्या व्हायला लागल्या. पहिले दोन चढ मी स्टिअरिंग घट्ट धरून चढले, तिसऱ्याला मला चक्क मजा आली. एक्सलरेटर दाबला की बग्गी वाळूवर तरंगत जायची. माथ्यावर क्षणभर फक्त आकाश दिसायचं आणि मग पलीकडचा समुद्र. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारी नुसता पट्टा होता.

हेल्मेटमध्ये रेडिओ होता. स्टिअरिंगवरचं बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाचं बटण दाबलेलं असेल तर बाकीच्यांना बोलता येत नाही, फक्त ऐकू येतं. अर्ध्या तासानंतर बहिणीच्या बग्गीतलं बटण अडकलं. वाळू गेली असावी. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या कानात एकदम त्या दोघींचं बोलणं सुरू झालं.

मुलगी नेहमीसारखी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत होती. ह्यूस्टनच्या एका म्युझियममध्ये उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा भूगर्भशास्त्राचा प्रोग्रॅम होता. तिनं फॉर्म भरला होता, पत्ता मावशीचा दिला होता आणि तिची निवड झाली होती. हे सगळं मला रेडिओवर कळत होतं.

बहिणीनं विचारलं, "आईला कधी सांगणार आहेस?"

"सांगेन. आई हो म्हणेल, मावशी. शी ऑलवेज सेज येस. पण चेहरा करेल. मग सहा आठवडे मला त्या चेहऱ्याची काळजी घ्यावी लागेल."

बहीण हसली. म्हणाली, "तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते."

मग दोघी हसल्या.

मुलीनं लपवलं, याचं मला तेव्हा तितकं वाईट वाटलं नाही. सोळाव्या वर्षी सगळेच लपवतात. पण माझ्याबद्दल त्या दोघींत एक जुना, ठरलेला विनोद होता आणि त्यात मला जागा नव्हती. हिला मी भात कालवून भरवला होता. तिला मी जन्म दिला होता. त्या दोघी मला पाठ दाखवून एका गाडीत बसल्या होत्या आणि मी त्यांची धूळ खात मागून चालले होते. मी बटण दाबून ओरडायचा प्रयत्न केला. आवाज कुठेच गेला नाही.

पुढच्या टेकडीला गाइडच्या खुणा उजवीकडून वळसा घेऊन गेल्या होत्या. डावीकडून सरळ चढून गेलं तर त्यांच्या आधी पलीकडे पोहोचता येईल असं मला दिसलं, किंवा वाटलं. मी डावीकडे वळले आणि एक्सलरेटर पूर्ण दाबला. मला त्यांच्या पुढे जायचं होतं. मुलीनं मला समोरून येताना बघावं, एवढंच डोक्यात होतं.

माथा सुरीसारखा निघाला. पलीकडे एकदम उतार होता. मी घाबरून स्टिअरिंग फिरवलं, नेमकं तेच जे करायचं नव्हतं. बग्गी उतारावर आडवी झाली, खालच्या बाजूची दोन चाकं वाळूत रुतली आणि गाडी एका अंगावर कलून थांबली. इंजिन बंद पडलं. मी पट्ट्याला लटकत होते. मोकळी सीट माझ्या खाली होती.

कानात त्यांचं बोलणं चालूच होतं. कुठलं तरी आइस्क्रीमचं दुकान. मग मुलीचा आवाज थांबला. पुन्हा आला तेव्हा वेगळा होता.

"मावशी, आईचा फ्लॅग दिसत नाहीये."

"असेल मागे."

"नाही. मी मघापासून बघतेय. स्टॉप. मावशी, गाडी थांबव."

गाडी आणखी कलली तर खाली वीस-पंचवीस फूट घसरत जाणार होते. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. मी तशीच लटकत तिचा घाबरलेला आवाज ऐकत राहिले. तो माझ्यासाठी घाबरला होता, आणि मावशीची त्यात काही मदत होत नव्हती.

गाइड माझ्या चाकांच्या खुणांवरून आली. वरून दोर लावून तिनं बग्गी धरली आणि मला वरच्या बाजूनं बाहेर काढलं. मला फक्त खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "तुम्ही खुणा सोडल्यात." मी म्हटलं, वळण चुकलं. तिनं माझ्या चाकांच्या खुणांकडे बघितलं, मग माझ्याकडे. परतताना मला तिनं स्वतःच्या शेजारी बसवलं. माझी बग्गी त्यांची माणसं नंतर घेऊन जाणार होती.

मुलगी टेकडीच्या पायथ्याशी हेल्मेट काढून उभी होती. "व्हॉट वॉज दॅट, आई? तू असं का केलंस?"

"वळण चुकलं," मी पुन्हा म्हटलं.

ती रडायच्या बेतात होती. मी तिला जवळ घेतलं तर तिनं घेऊ दिलं, पण अंग ताठ ठेवलं. मग ती पुन्हा मावशीच्याच बग्गीत जाऊन बसली.

शेडपाशी परत आल्यावर मुलगी बुटातली वाळू झाडायला नळाकडे गेली. आम्ही दोघी लाकडी बाकावर बसलो. बहिणीनं गाइडकडून बटणाचं ऐकलं होतं.

"तू ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"ताई, मी तिला रोज सांगत होते, आईला आधी सांग."

"आणि हसलीस ते?"

तिनं हातातलं हेल्मेट बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "ते चुकलं माझं."

मी म्हटलं, "तुला सगळं मिळालं ना गं. स्कूटी मिळाली, व्हिसा मिळाला, घर मिळालं. मी कधी काही बोलले का? पोरीला तरी सोड."

हे इतक्या वर्षांत मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर फार क्षुद्र वाटलं, पण परत घेतलं नाही.

बहीण समुद्राकडे बघत होती. तिला राग आला होता, आवाजावरून कळत होतं. "मी मंगळवारी ह्यूस्टनला परत जाते, ताई. ती मला सगळं सांगते, कारण मला सांगून तिचं काही बिघडत नाही. तिचं टेम्परेचर मोजायला, तिच्याशी भांडायला मी तिथे नसते. मला गंमत तेवढी मिळते. तुला ते लाड वाटतात. लाड असतीलही. पण फ्लॅग कोण शोधत होतं ते ऐकलंस ना? मी नव्हते."

मला ते उत्तर हवं होतं, पण तिच्याकडून नको होतं.

संध्याकाळी हॉटेलच्या खालच्या किनाऱ्यावर मी मुलीला एकटीला फिरायला नेलं. म्हटलं, "माझं वळण चुकलं नाही. मी तुमचं बोलणं ऐकलं आणि मला राग आला. मावशीचा आला. तुझा पण."

ती एकही इंग्रजी शब्द न घालता मराठीत म्हणाली, जे ती फारच कमी वेळा करते, "तू पडली असतीस तर?"

"सॉरी."

"मी जाऊ का ह्यूस्टनला?"

"जा."

तिनं माझ्याकडे तिरकं बघून घेतलं. मी चेहरा कसा ठेवला होता, मला माहीत नाही.

जूनमध्ये ती गेली. सहा आठवडे बहीण फोटो पाठवत होती आणि मी ते मोठे करून करून बघत होते. किचन ओट्यावरचे दोन मग. सोफ्यावर पसरलेली माझ्या मुलीची पुस्तकं. एका फोटोत तिच्या अंगात मावशीचा टी-शर्ट होता. त्या फोटोला मी हार्ट टाकलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, "यार, तुझी बहीण आहे ती." मी म्हटलं, म्हणूनच.

मुलगी परत आली ती दोन खोकी भरून दगड घेऊन. आल्याआल्या तिनं मला एकेक दगड हातात देऊन सांगितलं, हा कुठला, हा किती जुना. मी तासभर ऐकत बसले. मधे मधे ती "मावशी म्हणते" म्हणायची. मी मोजत होते. अकरा वेळा.

त्या रविवारी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "घर फार शांत झालंय, ताई. सकाळी चुकून दोन कप चहा टाकला."

मी म्हटलं, "होतं असं. सवय होईल."

मला तिची दया आली, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटलं. तिच्या घरात आता एकच कप होता आणि माझ्या घरात वरच्या खोलीतून दगड हलवल्याचा आवाज येत होता. हे मी तिला सांगितलं नाही. दिवाळीला ये म्हटलं. ती म्हणाली, रजा मिळते का बघते. मी म्हटलं, बघ, आणि मुलीला हाक न मारताच फोन ठेवला.