‘समजले’ या शब्दाची वैरीण

आमच्या मुख्यसेविका बाईंचा एका शब्दावर दात होता. अंगणवाडीच्या वहीत ‘समजले’ दिसलं, की त्या लाल पेन्सिलीनं तो कागद फाटेस्तोवर खोडत. म्हणून आम्ही सेविका त्यांना माघारी पेन्सिलबाई म्हणायचो. “कुनाला समजलं गं? लेकरू डोळ्यानं पाह्यलंस का?” असं विचारून भर उन्हात पुन्हा त्याच घरी पिटाळायच्या. मी मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहिली आहे.

घरात शिरण्याची त्यांची रीत ठरलेली. चहा नाही, पाणी नाही, आधी लेकरू पुढ्यात. झोपलंय म्हटलं तर, “झोपू द्या की. झोपल्यालं लेकरू लय छान दिसतंय,” म्हणत थेट आत.

हे वेड कुठून आलं, ते एकदा सोनपेठच्या स्टँडवर त्यांनीच सांगितलं. नामांतराच्या आंदोलनात एसट्या बंद होत्या, तेव्हाची गोष्ट. शकू नावाची पाच वर्षांची पोर, आई वारलेली, घरात सावत्र आई. पोरीच्या अंगावर वळ आहेत, असं तिथल्या सेविकेनं कळवलं होतं. बाई गेल्या नाहीत. बाप बाजारात भेटला, त्याच्या तोंडचं ऐकून त्यांनी लिहिलं, ‘मुलगी मामाच्या गावी गेल्याचे समजले.’ पंधरा दिवसांनी गोठ्यामागच्या खोलीतून शकूचं प्रेत निघालं.

चौकशीला जिल्ह्याच्या ऑफिसातले एक साहेब नेमले. तेही गावात गेले नाहीत. बाईंचीच ओळ पुढं करून त्यांनी अहवाल दिला, ‘कोणाचाही हलगर्जीपणा नसल्याचे समजले.’ बाई सुटल्या, साहेबही सुटले. “माझ्याच शब्दानं मला वाचवलं,” त्या म्हणाल्या, “आता त्याला मी सोडत न्हाई. अन् साहेबालाबी न्हाई.”

साहेब निवृत्त झाले तेव्हा परभणीत निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. बाई दोन शब्द बोलायला उठल्या आणि पिशवीतून दोन कागद काढले. आधी स्वतःची ओळ वाचली, मग साहेबांची.

“साहेब, तुमी इचारलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “शकूला मामाच न्हवता.”

साहेबांनी हातातला नारळ खाली ठेवला. खरं सांगते, मला गार गार वाटलं. बाईंची तडकाफडकी बदली झाली. दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलून त्या नव्या जागी रुजू झाल्या.

काही वर्षांनी मासिक बैठकीत कुणीतरी म्हणालं, पेन्सिलबाई गेल्याचं समजलं. मी तशीच उठले आणि त्यांच्या गावची, पालमची एसटी धरली. त्यांच्या दारात सून भेटली. आत फोटोला हार होता. तो पाहिला, मगच रडले.

साहेब परभणीत अजून ठणठणीत आहेत, असं समजतं. तेही एकदा डोळ्यानं पाहून येणार आहे. दार उघडून कोण म्हणून विचारलं, तर सांगेन, शकूच्या मामाकडून आले.