बिनपरवान्याचे सर

कात्रीबाईंना हे नाव धंद्यामुळे पडलं की जिभेमुळे, यावर आमच्या रस्त्यावर दोन मतं होती. त्या बायकांचे केस कापायच्या. खुर्चीतली बाई आरशातून काही सुचवू लागली की म्हणायच्या, "मान सरळ. डोकं तुझं, पण केस आत्ता माझ्या ताब्यात आहेत."

दुकान लहान, पण लखलखीत. कंगवे औषधाच्या पाण्यात बुडवलेले, दर गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल. ही हौस नव्हती. परवान्यासाठी त्यांनी वर्षभर कोर्स केला होता, परीक्षकासमोर केस कापून दाखवले होते. तपासनीस अधूनमधून न सांगता यायचा आणि बेसिनखाली बोट फिरवून बघायचा. एकदा मोडक्या दातांचा कंगवा सापडला म्हणून त्याने दुकान बंद ठेवायला लावलं होतं. कात्रीबाईंनी त्याचा यथेच्छ उद्धार केला, तो गेल्यावर.

मग समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर 'सर' आले. पूर्वी ते गालिचे विकायचे. तो धंदा बसला तसे ते लोकांची मनं दुरुस्त करू लागले. पांढरा सदरा, हळू आवाज, खोलीत मंद दिवा आणि अर्धी भिंत व्यापणारी पाटी: 'मनाने बरे व्हा'. कात्रीबाईंना ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होते. "गालिच्याखाली कचरा ढकलायचा, एवढंच याला येतं," त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. सरांनाही ते कळायचंच. येता-जाता ते त्यांच्याकडे बघून दयेने हसायचे, आणि त्या हसण्याने कात्रीबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातच त्यांची धाकटी बहीण सरांकडे जायला लागली.

धाकटीला लहानपणापासून फिट यायची. डॉक्टरांच्या गोळीने ती कधीच आटोक्यात आली होती. लग्न झालं होतं, घरी शिवणकाम चालायचं. पण त्या गोळीची तिला लाज वाटायची. सासरच्यांसमोर ती चोरून गिळायची. सरांनी नेमकी तीच नस पकडली.

"ताई, मी आता गोळी घेत नाही," एका दुपारी ती दुकानात येऊन म्हणाली. चेहरा खुललेला. "सर म्हणतात, आजार माझ्या भीतीत आहे."

"तो सांगणारा कोण? डॉक्टर आहे?"

"डॉक्टरांनी इतकी वर्षं काय केलं? बांधूनच ठेवलं ना मला?"

"जिवंत ठेवलं!"

"तुला मी आजारीच बरी वाटते," धाकटी म्हणाली. "म्हणजे तुला माझ्यावर हुकूम चालवता येतो." आणि गेली. खुर्चीत अर्धे केस कापलेली बाई श्वास रोखून बसली होती.

पुढच्याच महिन्यात धाकटी इस्त्री करता करता कोसळली. इस्त्री हातावर पडली. नवरा दुसऱ्या खोलीतून धावत येईपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली होती.

त्याचा फोन आला तेव्हा कात्रीबाई कामात होत्या. फोन ठेवला आणि तशाच रस्ता ओलांडून जिना चढल्या. कात्री हातात आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. वर सरांसमोर चार-पाच माणसं डोळे मिटून बसली होती.

"माझ्या बहिणीचा हात भाजलाय. गोळी बंद करायला तू सांगितलंस."

सर उठलेही नाहीत. "मी कोणालाही काही बंद करायला सांगत नाही. शरीराचं ऐका, एवढंच म्हणतो. आणि बाई, हा राग तुमच्याच तब्येतीला वाईट."

"माझ्या तब्येतीचं तू नको सांगूस. गालिचे विक!"

डोळे मिटलेल्या माणसांनी ते उघडले. त्यांना प्रथम दिसली ती कात्री.

त्यानंतर कात्रीबाईंनी कचेऱ्या पालथ्या घातल्या. डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, "ते स्वतःला डॉक्टर म्हणवतात का?"

"नाही."

"मग आम्ही काही करू शकत नाही. डॉक्टर असते तर सनद काढून घेतली असती."

"म्हणजे शिकला असता तर सापडला असता?"

कारकुनाने पुढच्या माणसाला हाक मारली. समुपदेशकांच्या कचेरीत कळलं, की सर पाटीवर 'मार्गदर्शक' लिहितात आणि मार्गदर्शक कोणीही होऊ शकतो. पोलिसांनी विचारलं, बहीण तक्रार देते का? बहीण देत नव्हती. दवाखान्यात पट्टी बांधलेल्या हाताने ती म्हणत होती, माझीच श्रद्धा कमी पडली.

"केस कापायला परवाना," कात्रीबाई परतताना बडबडत होत्या. "गोळी विकायला परवाना. अन् ती गोळी बंद कर सांगायला? तोंड असलं की झालं!"

शेवटी नगरपालिकेत एका बाईने सांगितलं, की माणसाला नसली तरी पाटीला परवानगी लागते. सरांच्या पाटीला ती नव्हती. कात्रीबाईंनी रोज तिथे ठाण मांडलं. अखेर शिडी लागली, पाटी खाली आली आणि सरांचा पांढरा सदरा खिडकीतून ते बघत राहिला. कात्रीबाईंनी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते कोणालाच शोभलं नाही, पण त्यांना फार बरं वाटलं.

सरांनीही परतफेड केली. हातात शस्त्र घेऊन बाई अंगावर आली, साक्षीदार आहेत, अशी तक्रार त्यांनी परवाना कार्यालयात दिली. तपासनीसाने येऊन भिंतीवरचा परवाना उतरवला.

"अहो, त्याने माझ्या बहिणीला मारलंच होतं जवळजवळ!"

"असेल. पण ते आमच्या खात्यात येत नाहीत. तुम्ही येता," तो म्हणाला. त्यालाही ते आवडत नव्हतं, पण त्याने परवाना बगलेत मारला.

तपासनीसासमोर सरांची माफी मागितली तर परवाना परत, असं ठरलं. कात्रीबाई खूप दिवस अडून बसल्या. दुकानाला कुलूप, ठरलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. शेवटी त्या जिना चढल्या.

"मी कात्री घेऊन आले ही चूक झाली," त्या सरांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या. "हात मोकळे ठेवून यायला हवं होतं."

सरांचं दयाळू हसू पहिल्यांदाच मावळलं. तपासनीस खाली बघून खोकला, आणि माफी मागितली गेली असं त्याने ठरवून टाकलं.

सर मग दुसऱ्या रस्त्यावर गेले. तिथे पाटी लहान आहे, परवानगीची आहे, आणि गर्दी पहिल्यापेक्षा जास्त. धाकटी पुन्हा गोळी घेते. नवऱ्याने त्या बाबतीत तिचं काही चालू दिलं नाही. हाताचा डाग राहिला.

कात्रीबाई एकदा तिच्या घरी गेल्या. धाकटीने दार अर्धंच उघडलं.

"हात कसा आहे?"

"तू माझ्यासाठी काही केलं नाहीस, ताई. तुला तो माणूस आधीपासून खुपत होता. मी फक्त निमित्त झाले."

धाकटीने दार लावून घेतलं, आतून शिवणयंत्र सुरू झालं, आणि त्या जिना उतरून दुकानात आल्या. बाहेरच्या बाकावर एक बाई वाट बघत होती. "किती वेळ?" ती कुरकुरली.

"घाई असेल तर घरी काप," कात्रीबाई म्हणाल्या, आणि टॉवेल झटकला.