मुसक्यांवर बसलेला श्रावण

पडदा वर जावा तसं धुकं उचललं आणि एकोडीच्या तलावाखालचं श्रावणचं खळं दिसू लागलं. मधोमध खांब, भोवती पसरलेलं धान, त्यावर फिरणारी बैलजोडी. यंत्राची मळणी श्रावणला पटत नाही. यंत्रवाला धान लांबवतो, असा त्याचा संशय. अख्ख्या झाडीपट्टीत मी नाटकं केली, पण तिकिटावरचा शिक्का उजेडात धरून तपासणारा प्रेक्षक हा एकच. जीव मात्र बैलांवर.

माझ्यासोबत कामिनी होती. ती बायबल झाडीबोलीत आणते आहे. तिने विचारलं, "काका, मळणीत बैलांना मुसकी बांधता का?"

श्रावणने झटकन बैलांच्या तोंडावरच्या दोरीच्या जाळ्या काढल्या आणि त्यांवरच बसला.

"कोन बांधते? कोनं पाठोलं तुले?"

प्राणी वाचवणारे कुणीतरी येऊन बैल नेतात, असं त्याने बाजारात ऐकलं होतं.

कामिनीने समजावलं. बायबलमधल्या एका जुन्या ग्रीक पत्रात एक क्रियापद आहे, 'केमोओ'. मुसकं बांधणं, एवढाच अर्थ; त्यासाठी इथला शब्द तिला हवा होता. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, ते या एकाच जागी, तेही काही हस्तलिखितांत. बाकीच्यांत दुसरं क्रियापद, जे माणसाला गप्प करण्यासाठीही वापरतात.

"एका शब्दासाठी एवढ्या दुरून? लिवलं काय त्या पत्रात?"

"मळणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको."

"पाह्य गा!" श्रावण माझ्यावर उखडला. "कायदाच घेऊन आली पोरगी! नाटक्या, तूबी मिळाला काय इले?"

"अरे, राबणाऱ्याला त्यातलं खाऊ द्यावं, एवढंच म्हणणं आहे," मी म्हणालो.

"असंच गोड बोलतेत सारे."

तोवर त्याचा धवळ्या धानात तोंड खुपसून खाऊ लागला होता. फार धान खाल्लं की पोट फुगून बैल दगावतो, हे श्रावणला ठाऊक. पण उठावं तर मुसकी दिसणार. बैल बकाबका खात राहिला. थंडीत श्रावणच्या कपाळावर घाम आला.

"मरन ना माहा बैल!" ओरडत तो उठला आणि चपटलेलं मुसकं त्याने धवळ्याच्या तोंडाला बांधलं.

कामिनी हळूच म्हणाली, "काका, हे तळटीपेत लिहू का?"

श्रावणने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लिव. पोट फुगते म्हनून बांधतेत. पन श्रावणनं बांधलं, हे नोको लिवू."