बर्फातली कातडी

ओल्या गोणपाटाचा वास आला की निजामपुऱ्यातली ती दुपार आठवते. सुताला खळ लावायच्या सायझिंग कारखान्यात बॉयलरची वाफ लागून दादाची पाठ भाजली होती. कुण्या मेलेल्या माणसाची दान केलेली कातडी त्याला लावायला मुंबईहून बर्फाच्या डब्यात आली होती. पण दवाखान्यातली लाईट गेली, ऑपरेशन लांबलं आणि बर्फ वितळू लागला. सातवीतून शाळा सोडून दादाच्या मागे गावाहून एवढ्या लांब आलेलो मी; तो गेला तर इथे माझं कोण, या धास्तीने मासळीबाजाराकडे पळालो. टोपलीमागच्या मावशीला सगळं सांगितलं, तर तिने गोणपाटासकट बर्फच उचलून दिला. “ने बाला. माजा म्हावरा नासला तरी चालंल.” धापा टाकत आलो आणि बर्फ थेट कातडीच्या पाकिटावर दाबू लागलो. सिस्टरनी हात धरला. “पापलेट भरतोयस काय? गोठली तर वाया जाईल. थंड ठेवायची, बर्फ टेकू द्यायचा नाही.” मध्ये टॉवेल घालून, लाईट येईपर्यंत मी झाकणावर हात ठेवून बसलो, सारखा पंख्याकडे बघत. दादा वाचला. कातडी कुणाची, ते कुणी सांगत नाही. म्हणून अजूनही रस्त्यात कुणाचीही अंत्ययात्रा दिसली की मी थांबतो आणि हात जोडतो.