पॅन्ट मापाची, पॅड नडगीवर

"पटेला फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी. माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते आणि एक्स-रेमध्ये त्यांच्या मधली फट मलाही दिसत होती.

"मोटरसायकलची पॅन्ट घातली होती?" त्यांनी विचारलं.

"हो. गुडघ्याला पॅड असलेली."

त्यांनी चादर बाजूला केली. गुडघा सुजून तांब्याएवढा झाला होता. त्याच्या खाली, नडगीवर, तळहाताएवढा भाग मात्र स्वच्छ होता. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"पॅडने काम चोख केलंय," ते ओमानी डॉक्टर शांतपणे म्हणाले. "फक्त नडगीवर केलंय."

पडद्याच्या पलीकडे माझी मैत्रीण रेवती माझ्या नवऱ्याला फोनवर पत्ता सांगत येरझारा घालत होती. आम्ही दोघी एकाच वळणावर पडलो होतो. दोघींच्या अंगावर एकाच कंपनीची, एकाच मापाची पॅन्ट होती. तिला साधी पट्टीही लागली नाही. वेदनेपेक्षा मला तिच्या त्या येरझारांचा जास्त राग आला, हे आधीच सांगून टाकते.

ओमानच्या उन्हात बाईक चालवणाऱ्या, किंवा चालवायचं मनात असलेल्या, माझ्यासारख्या बायकांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः माझ्यासारख्या बुटक्या बायकांसाठी.

मे महिन्यात इथे जाड पॅन्ट घालवत नाही, म्हणून आम्ही दोघी जाळीची पॅन्ट घ्यायला गेलो. दुकानातला माणूस नीट माहिती देत होता. सगळीकडे जाळी नको. बसायच्या जागी आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाड कापड हवं, कारण माणूस तिथेच घासला जातो. कमरेच्या दोन्ही बाजूंना पॅड हवेत. आतून सुती काही घालू नका, घामाने ते चिकटतं. सगळं पटलं. रेवतीने पॅन्ट चढवली आणि आरशासमोर उभी राहिली. बाई पावणेसहा फूट उंच. जणू तिच्याच मापाने शिवलेली. मी तीच घातली तर पायघोळ झाली. माझ्या मापाची मागवावी लागणार होती, आणि शुक्रवारी सकाळी तर अल अमेरातच्या डोंगररस्त्यावर जायचं ठरलेलं. रेवती नवी पॅन्ट घालून जाणार आणि मी जुनी जीन्स? मी तीच पॅन्ट घेतली आणि सरळ टेलरकडे गेले.

पंजाबी ड्रेसपासून नवऱ्याच्या पॅन्टपर्यंत आपण सगळं टेलरकडून फिटिंग करून घेतो. टेलरने खालून कापून लांबी बरोबर बसवली. पण लांबी खालून कमी केली तरी गुडघ्याचा पॅड होता तिथेच राहतो. उंच बाईच्या गुडघ्यावर बसणारा पॅड माझ्या नडगीवर बसत होता. आरशात हे कळत नाही.

वळणावर वाळू होती. रेवती घसरली. तिला चुकवायला मी ब्रेक दाबला आणि गुडघ्यावर आपटले. ती उठली, पॅन्ट झटकली आणि धावत आली. "ताई, ताई, हलू नकोस गं!" ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. मला ताई म्हणते, तेही मला फारसं आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याला टेन्शन बँड वायरिंग म्हणतात. वाटीचे तुकडे जवळ आणून पिना आणि तारेने आवळून ठेवतात. मग पायाला ब्रेस, म्हणजे गुडघा सरळ धरून ठेवणारा पट्टा. भूल उतरल्यावर दुखतं. दुखेल तेव्हा औषध मागून घ्या; सहन केल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही.

रेवती रोज डबा घेऊन यायची. आमटी-भात उत्तम असायचा. पण ती आली की चपला काढून त्या पाहुण्यांच्या खुर्चीवर चक्क मांडी घालून बसायची. मी आमटी गिळत तिच्या गुडघ्यांकडे बघत राहायचे.

पुढे तपासणीला जायला लागले तेव्हा हे वाढलं. वेटिंग रूममध्ये मला लोकांचे चेहरे दिसायचेच नाहीत, गुडघेच दिसायचे. एक ओमानी आजोबा नमाजाच्या वेळी कोपऱ्यात गेले, अलगद गुडघे टेकून बसले आणि कशाला न धरता उठले. चांगले सत्तरीचे असतील. मला त्यांचाही हेवा वाटला.

ब्रेस सैल केल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. आता प्रश्न एकच होता: गुडघा किती वाकेल? त्याला फ्लेक्शन म्हणतात. काटकोनापर्यंत वाकला आणि तिथेच अडला. डॉक्टर म्हणाले, "खुर्चीवर बसायला हे पुरतं. मोटरसायकलवर पाय ठेवायला नाही. महिन्याभरात पुढे सरकला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. तरीही खात्री देत नाही."

आमच्या बाईकवाल्या ग्रुपने नोव्हेंबरात सूर या समुद्राकाठच्या गावाला जायचं ठरवलं होतं. ते ठिकाण मी सुचवलं होतं, रस्ता मी आखला होता.

त्यात नवऱ्याने एक उद्योग केला. त्याला बाईक येत नाही. गाडी उभी राहून बॅटरी उतरेल म्हणून त्याने किल्ली रेवतीला दिली. एका सकाळी मस्कतमधल्या अझैबातल्या आमच्या घरात मी पाय उशीवर ठेवून पडलेले, आणि खाली माझी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"कोण आहे?" मी ओरडले.

"अगं, रेवती. एक चक्कर मारून आणते म्हणाली."

वर येऊन ती म्हणाली, "ताई, किती ठेंगणी आहे गं तुझी गाडी! माझे गुडघे हँडलला लागतात."

"मग चालवू नकोस," मी म्हटलं. नवरा चहा करायला आत पळाला.

पुढच्या आठवड्यात तीच मला फिजिओथेरपीला घेऊन गेली. तिथली केरळची मुलगी मला टाच मागे ओढायला सांगत होती. रेवती शेजारच्या रिकाम्या पलंगावर पालथी पडली आणि "अशी, ताई" म्हणत टाच थेट पार्श्वभागाला लावून दाखवली.

"मॅडम, थोडा और," ती मुलगी म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी रेवतीच्या टाचेवरून नजर हटवली नाही. त्या दिवशी गुडघा काटकोनापलीकडे गेला. मी तिला सांगितलं, दर वेळी ये. ती आली. तिला वाटलं, आधार देते आहे. देऊ दे. ऑक्टोबरात डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "सूर? इन्शाल्ला. पण सावकाश, आणि पॅड जागेवर ठेवून."

या वेळी बुटक्यांच्या मापाची पॅन्ट मागवली आणि ती दुकानातल्या गाडीवर बसून पाहिली. हेच मला तुम्हाला सांगायचंय: उभं राहून पॅन्ट घेऊ नका. गाडीवर बसा, पाय जागेवर ठेवा, आणि पॅड हाताने ढकलून बघा. वाटी पूर्ण झाकली पाहिजे आणि पॅड फिरता कामा नये.

माझा बरोबर बसला. मग मी सोबत आलेल्या रेवतीला म्हटलं, "तूही बस. तुझी तीच जुनी घातलीयेस ना?"

ती बसली. पॅन्ट वर सरकली, घोटे उघडे पडले. मी पॅड चाचपला. तो मांडीवर होता. वाटी सगळी उघडी.

"म्हणजे त्या दिवशी?" ती म्हणाली.

"त्या दिवशी तू कमरेवर पडलीस. कमरेचा पॅड जागेवर होता."

इतके महिने मी ज्या पॅन्टवर जळत होते ती तिलाही होत नव्हती. क्षणभर फार बरं वाटलं. मग तिच्या त्या उघड्या वाटीवर माझा हात होता हे लक्षात आलं, आणि एक्स-रेमधली फट डोळ्यांसमोर आली.

"उतर," मी म्हटलं. "ही घालून सूरला यायचं नाही."

"ताई, एवढं काय! पॅडचा कप्पा खाली करून घेते टेलरकडून."

"टेलरचं नाव काढू नकोस."

उंचांच्या मापाची पॅन्ट वेळेत आली नाही. ती तणतणली, पण राहिली घरी.

मी सूरला जाऊन आले. दर तासाला थांबून पाय मोकळा करत, सगळ्यांच्या मागून. डॉक्टर, फिजिओची ती मुलगी, घर सांभाळणारा नवरा, यांच्यामुळे मी उभी आहे. रेवतीमुळेही, हे लिहायला थोडं जड जातंय. तिच्या गुडघ्यांचा मला अजूनही हेवा वाटतो. ती मांडी घालते, मला अजून जमत नाही. पण ते गुडघे शाबूत राहावेत असंही आता वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

सूरच्या समुद्राकाठी उभ्या केलेल्या माझ्या गाडीचा फोटो मी तिला पाठवला. लगेच उत्तर आलं: "ताई, मुद्दाम जळवतेयस ना?"

मी लिहिलं, "हो."