डाव्या बाजूची खिडकी

नशिराबादच्या शिवारात कुणाला विमानाची वेळ हवी असली की तो वच्छलाबाईंना विचारायचा. ही बाई कधी विमानात बसलेली नव्हती. विमान सोडा, एसटीनंसुद्धा चोपड्याच्या पुढे गेली नव्हती. पण जळगावला उतरणारं विमान पूर्वेकडून यायचं आणि त्यांच्या शेजारच्या, गिरधरच्या वावरावरून खाली खाली जायचं. वच्छलाबाई केळीच्या बांधावर उभ्या राहून, कपाळावर हात धरून, समोरून येणारं ते धूड चाकं काढताना बघायच्या. गिरधरचा मुलगा पाहुण्यांना आणायला निघाला की आधी हाक मारायचा, "काकू, पुण्याचं उतरलं का?" आणि काकू सांगायच्या, "आत्ताच गेलं, पळ."

त्यांना विमानाचं वेड होतं असं मात्र कुणी समजू नये. बांधावर उभं राहिल्यावर दुसरं बघायचं काय? एकतीस वर्षं त्याच शेतातल्या घरात, तीच दोन वावरं, तोच गोठा. नवरा झुलालभाऊ माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, वाकडा शब्दही क्वचित. फक्त त्यांना स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घेता येत नव्हतं. लग्नकार्याला, तेराव्याला, बाजाराला ते जायचे, आणि म्हैस, विहिरीवरची मोटार आणि घर वच्छलाबाईंच्या गळ्यात. बायकोनं कुठं जायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. "तू गेली त मले चहा कोन करून देईन?" एवढंच विचारायचे, तेही इतक्या काकुळतीनं, की भांडायलाही जागा नसायची. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रडव्या माणसाचं काय करणार?

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, आठ-आठ दिवस राहतात. वच्छलाबाई एकतीस आखाज्यांत अकरा वेळा चोपड्याला गेल्या आणि अकराही वेळा दिवस मावळायच्या आत परत आल्या, कारण म्हशीचं दूध काढायचं होतं. मागच्या आखाजीला भावानं, अमृतनं, लाल रेशमी साडी दिली. ती नेसून जायला कुठलं ठिकाण नव्हतं, म्हणून ती घडी न मोडता पेटीत पडली.

मग श्रावणात मोहिनीचा पाय मोडला. ही त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला, खोलीत एकटीच. गिरधरच्या मुलाची गाडी पुण्याला चालली होती. झुलालभाऊ काही म्हणायच्या आत वच्छलाबाई पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसल्या. "आठ दिवसांत येते," त्या काचेतून म्हणाल्या.

पुण्यात त्यांनी मुलीचं सगळं केलं, वर स्वतःसाठीही थोडं केलं. संध्याकाळी खाली बागेत जाऊन बाकावर नुसत्या बसल्या. पहिल्या दिवशी त्यांना अपराध्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी वाटलं नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी झुलालभाऊंचा फोन आला. "म्हैस दूध चोरू राह्यली. कोनालेच हात लावू देत नाही. उद्या ये."

"मोहिनीचं प्लास्टर..."

"मी सकाळपासून बिनचहाचा हाये."

वच्छलाबाईंनी फोन ठेवला. मोहिनी पलंगावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आई, जाऊ नकोस." त्या म्हणाल्या, "मुकं जनावर आहे गं." मोहिनीनं मोबाईल हातात घेतला. "मग बसनं जायचं नाही. तिकीट मी काढते, विमानाचं. खिडकीची जागा घेते. आपलं वावर कुठल्या बाजूला येईल गं उतरताना? तुला तर तोंडपाठ आहे."

वच्छलाबाईंना काय हवं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेही वावर दाखवण्यासाठी. मनातलं एकदम माहेरच्या बोलीत बाहेर आलं.

"माले वावर नही देखनं शे."

मोहिनी चपापली. मग हळूच म्हणाली, "मग काय बघायचंय?"

"सातपुडा. तापी. जमलं तर चोपड्याकडची झाडी. वावराकडे पाठ पाहिजे."

आता हिशोब सुरू झाला. वच्छलाबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, जशा बांधावर राहत तशाच, पूर्वेला तोंड करून. समोरून विमान येतं. उजव्या हाताला आपलं वावर, डाव्या हाताला गिरधरचं वावर आणि त्याच्या पलीकडे, उत्तरेला, पार सातपुडा. "डावी," त्या ठामपणे म्हणाल्या. "डावी खिडकी घे."

मोहिनीनं डावी घेतली. आईइतकं त्या विमानाला ओळखणारं दुसरं होतं कोण?

रात्री परत झुलालभाऊंचा फोन. विमानाची बातमी कळून त्यांना हर्ष झाला होता, सगळ्या शिवाराला सांगून झालं होतं. "कोन्या बाजूले बसशीन? मी मोटारीच्या खोलीवर चढतो. लांबून दिसीन असं लाल काहीतरी हलवतो. पाहजो बरं."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या. कोणती बाजू ते त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापासून काही लपवलं, आणि त्यांना गोड वाटलं.

विमानात त्यांनी पदर खोचून काचेला नाक लावलं ते काढलंच नाही. ढग, डोंगर, मग केळीचे हिरवे चौकोन. विमान जळगावच्या पुढे गेलं आणि एका कुशीवर होऊन वळलं. वच्छलाबाई सातपुड्याची वाट बघत होत्या. निळी रेघ कुठे येते, तापी कुठे चकाकते. खाली हायवे आला, नशिराबादची घरं आली. मग एक केळीचा तुकडा, मग गोठ्याचे पत्रे, त्यांवर ठेवलेलं जुनं टायर. ते टायर त्यांनीच ठेवलं होतं.

विमान आपल्याकडे तोंड करून यायचं, म्हणजे आपलं डावं ते त्याचं उजवं. लहान पोराला कळेल अशी गोष्ट. पण विमानाच्या आतून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

त्यांनी मान वळवली. पलीकडच्या खिडकीशी एक गृहस्थ पेपर धरून झोपले होते आणि त्यांच्या खांद्यामागून बोटभर निळं काहीतरी सरकून गेलं. तेवढाच सातपुडा. परत इकडे बघितलं तर सगळं वावर समोर. घर, गोठा, विहीर, बांध, सगळं मिळून पापड लाटायच्या पोळपाटाएवढं. एवढ्याशा तुकड्यात माझी एकतीस वर्षं गेली? त्यांना रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं.

मोटारीच्या खोलीवर एक माणूस उभा होता आणि दोन्ही हातांनी लाल कापड हलवत होता. कापड उन्हात चमकलं आणि त्यांनी ते ओळखलं. अमृतनं दिलेली साडी. न मोडलेली घडी त्यानं मोडली होती. राग डोक्यात गेला खरा, पण तो माणूस इतका लहान दिसत होता, इतका एकटा, की त्याच क्षणी त्याची कीवही आली. हे दोन्ही एकदम वाटणं म्हणजेच तर त्यांचा संसार होता. मग चाकं जमिनीला टेकली.

वच्छलाबाईंनी विमानतळाच्या कट्ट्यावर बसून अर्धा तास वाट बघितली. झुलालभाऊ मोटारसायकलवर आले. घामानं निथळत होते, डोळे पोरासारखे चमकत होते.

"मी दिसलो का तुले?"

वच्छलाबाईंनी पिशवी छातीशी धरली. "नाही. मी दुसऱ्या बाजूले होती. सातपुडा दिसला, तापी दिसली. चोपड्याची झाडी दिसली."

झुलालभाऊंचा चेहरा उतरला. "हात भरून आले माहे," ते म्हणाले. "किती येळ हलवत व्हतो." मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या खेपेले मले इचारून जागा घेजो." आणि त्यांनी किक मारली. "बस."

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "कव्हय?"

"काय कव्हय?"

"पुढची खेप."

झुलालभाऊ वळून बघू लागले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या आता ध्यानात येत होतं. "अगं, म्हशीची कास तटली हाये. बस ना."

"तारीख सांगा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग बसते."

गेटवरचा शिपाई बघत होता. झुलालभाऊंनी कपाळाचा घाम पुसला. गाडी सुरूच होती आणि मागची सीट रिकामी होती.